चंदाच्या तोंडावरचा शिळा रंग

सत्यशीला,

तुझ्या पोरीने घुग्घुसचा पत्ता दिला, म्हणून लिहितेय. त्या कोळशाच्या धुळीत तू कशी दिवस काढतेस कोण जाणे. वडशात असताना अंगणात वाळकं पान पडलेलं तुला खपायचं नाही. पण ख्यालीखुशाली विचारायला हे पत्र नाही. मला राग आलाय. चंद्रपूरच्या एका दिवाळी अंकाने माझ्याकडे लेख मागितला, 'चेहऱ्याची मालिश : कांती आणि विश्रांती'. संपादक म्हणतात, मॅडम, हलकंफुलकं येऊ द्या, काकडीच्या चकत्या, गुलाबपाणी, असं. काकडीच्या चकत्या! मी म्हटलं, वडशाची सत्यशीला लिहीन, नाहीतर काही लिहिणार नाही. तर ते विचारतात, "कोण सत्यशीला?" तिथेच माझं डोकं फिरलं.

तर तुझंच लिहितेय. पण 'तू हे केलंस, तू ते केलंस' असं लिहीत गेले तर दर ओळीला तू मधे तोंड घालशील. म्हणून आता तुला 'ती' करते. गप्प बसून ऐक. माझं तोंड तुझ्या हातात असायचं तेव्हा मी गप्प बसून ऐकलंय.

सत्यशीला मूळची बाळंतिणी आणि तान्ही पोरं चोळणारी. काम सासूकडून आलं, तोंडाचा फटकळपणा स्वतःचा. नवरा लवकर गेला, पदरात एक पोरगी. बाळंतिणींवर वर्षभर पोट भरत नाही. पण वडसा हे नाटकवाल्यांचं गाव. दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक, ते थेट उजाडेपर्यंत. कंपन्यांची बिऱ्हाडं वडशात. भैयाजींच्या कंपनीत सत्यशीलाला हिवाळ्याचं काम लागलं ते असं : सकाळी नाटक सुटलं की नटांच्या तोंडावरचा रंग उतरवायचा.

रंग म्हणजे काय, तर सफेदा. भिंतीला, खिडक्यांना लावतात तोच, रंगाच्या दुकानातला. तो तेलात कालवायचा, त्यात पिवडी, गालाला कुंकू. ती येण्याआधी नट मंडळी रॉकेलचा बोळा घेऊन तोंड खरडायची आणि दिवसभर भाजलेल्या वांग्यासारखी फिरायची. सत्यशीलाने पहिल्याच सकाळी रॉकेलची बाटली लाथेने उडवली.

तिच्याकडे मोहाच्या बियांचं तेल असे. थंडीत ते तुपासारखं थिजतं. ती बाटली चुलीजवळ ठेवायची, मग तेल तळहातावर घेऊन तोंडभर नुसतं लावून ठेवायची. चोळायचं नाही. "रंगाले आधी सुटू द्या, मग तो आपल्या पायानं जाते," म्हणायची. मग जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने पुसून घ्यायचं. आणि त्यानंतर खरी मालिश. हनुवटीपासून कानापर्यंत, नाकाच्या कडेने कानशिलापर्यंत, कपाळ मधून दोन्ही बाजूंना. हात नेहमी वर जाणार. डोळ्यांभोवती फक्त करंगळीशेजारचं बोट, कारण त्या बोटाला जोर नसतो. शेवटी कानामागून मानेवर खाली, आणि वर गरम पाण्यात पिळलेलं फडकं.

मुखरू हा कंपनीतला खलनायक. रात्रभर खून पाडायचा आणि सकाळी तिच्यापुढे मांजरासारखा डोळे मिटून पडायचा.

"मावशी, माह्या बायकोले शिकव नं हे."

"तुह्या बायकोले मी दुसरंच शिकवीन. तोंड मिट, तेल जाईल आत."

तिथेच तो घोरायला लागायचा. नाटकवाल्यांना झोप लागत नाही, रात्रभर ओरडून जबडा आणि कपाळ ताठ झालेलं असतं. तिच्या हाताखाली ते सैल पडायचं.

सत्यशीलाचा एक नियम होता, सासूने घालून दिलेला. राग असला तर तोंडाला हात लावायचा नाही. आणि तिला तर राग रोजचाच! म्हणून ती आधी बाहेर जाऊन साऱ्या शिव्या देऊन घ्यायची, भैयाजींना, गाडीवाल्याला, थंडीला. मग हात धुऊन, एकमेकांवर चोळून ऊन करायची आणि आत यायची. कंपनीतले लोक हसायचे. "मावशीचं झालं का भजन?" हाव, झालं. मग हात असे यायचे की लोणी.

चंदा ही कंपनीची हिरॉईन. गोंडपिपरीची पोर, गळा खणखणीत, डोळे मोठे, रंग काळाभोर. हा काळा रंग लोकांना चालत नव्हता. का चालत नव्हता ते विचारा त्या लोकांनाच, ज्यांच्या घरात एक बाई गोरी नाही आणि स्टेजवर मात्र दुधात धुतलेली पाहिजे. म्हणून चंदाला सफेद्याचे दोन हात जास्त. मानेला, हातांनाही. सत्यशीला रोज सकाळी तो थर उतरवायची आणि रोज म्हणायची, "ही पोरगी आहे का भिंत?"

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात तीन गावांच्या मंडया लागोपाठ आल्या. अशा वेळी कंपन्यांची एक रीत असते. पुन्हा रंग लावण्यात वेळ जातो, सफेदाही लागतो, म्हणून कालचा उतरवायचाच नाही. तसंच झोपायचं, आणि रात्री वरून एक हात मारून उभं राहायचं. याला शिळा रंग म्हणतात. पुरुषांचं भागून जातं, त्यांच्या तोंडावर पातळ थर. चंदाच्या तोंडावर भिंत.

पहिल्या सकाळी सत्यशीला तेलाची बाटली घेऊन आली तर भैयाजी दारात.

"आज नाई. रंग राहू दे."

"भैयाजी, बाकीच्यायचा राहू द्या. पोरीचा काढते."

"तिचाच तर राहू द्यायचा आहे. तिले लावाले दोन तास लागते."

"चामडी जाईल तिची."

"तुले काय करायचं वं? तिले विचार."

तिला विचारलं. चंदा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "राहू दे, मावशी." कारण नागपूरची एक गोरी पोरगी भैयाजींनी पाहून ठेवली होती आणि ते चंदाला दिवसातून दोनदा ऐकवत. रंग उतरला तर पार्ट उतरेल, एवढं त्या पोरीला नीट कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनी तिसऱ्या गावच्या शाळेत उतरली. सगळे झोपले. चंदा झोपेना. सत्यशीलाने पाहिलं, पोरगी शाळेच्या भिंतीला गाल घासत होती, गुरं खांबाला घासतात तशी. खाजवलं तर रंग निघेल म्हणून नख लावत नव्हती.

सत्यशीलाने तिला दंडाला धरून शाळेमागे चुलीपाशी नेलं. "बस इथी."

"मावशी, भैयाजी..."

"भैयाजीचं मढं गेलं! बस म्हणतो नं!"

आणि त्या दिवशी ती बाहेर जाऊन शिव्या द्यायला विसरली. सगळा राग हातात घेऊनच बसली. तेल लावलं, पण थांबली नाही. भैयाजी जागा होईल, त्याच्या आत तोंड मोकळं करायचं, एवढंच डोक्यात. रंग पापुद्र्यासारखा वाळला होता. उजव्या गालावर तो निघेना, तेव्हा तिने फडक्याने जोर लावला. तिला वाटलं रंग चिकटलाय. तो रंग नव्हता. खाली फोड आले होते, आणि फडक्याबरोबर आलं ते कातडं होतं.

चंदा अशी ओरडली की झोपलेली शाळा उठून बसली.

भैयाजी धावत आले. रुपयाएवढं लाल मांस उघडं पडलेलं, त्यातून पाणी येतंय.

"हे काय केलं वं, बह्याडे!"

"म्यां केलं? दोन दिवस सडवली कोणं? तुमच्या तोंडाले लावा नं सफेदा, झोपा नं त्याच्यात!"

"आता बोलून काय होते? वरून लावून टाक. रात्री कोणाले दिसते?"

सत्यशीलाला वाटलं, निदान आता चंदा नाही म्हणेल. चंदाने पदराने डोळे टिपले, गालाला लागू न देता. "लाव, मावशी," म्हणाली.

सत्यशीला उठली. सफेद्याचा डबा उचलला, शाळेमागच्या बोडीवर गेली आणि भर पाण्यात फेकून आली. त्या एवढ्याशा तळ्याचं पाणी काठापर्यंत पांढरं झालं. म्हशी घेऊन आलेला एक म्हातारा म्हणाला, "बाई, माह्या म्हशी का हिरॉईन कराच्या आहेत?" ती त्याच्याही अंगावर धावली.

त्या गावात रंगाचं दुकान नव्हतं. पुरुषांचे शिळे रंग होतेच. चंदा मात्र तोंडाला नुसतं मोहाचं तेल लावून उभी राहिली, गालावर ते लाल घेऊन. पडदा वर गेल्यावर मागून कोणीतरी ओरडलं, "आबे, मोलकरीण काऊन पाठवली? हिरॉईन कुठी आहे?" सारा मांडव हसला. चंदा थांबली नाही. आवाज एक इंच खाली आला नाही. रडण्याच्या प्रवेशाला खारं पाणी त्या गालावरून गेलं, तेव्हा ते नाटकातलं रडणं नव्हतं, गाल खरंच जळत होता, हे पुढे बसलेल्या बायांना कळलं. त्यांनी मागच्या पुरुषांना वळून झापलं, "चूप बसा, बे!" पण वाक्यागणिक हसणारे शेवटपर्यंत हसले. मी इथे गोड शेवट लावणार नाही, कारण तो झाला नाही.

सकाळी सत्यशीलाने शिव्या देऊन घेतल्या, हात धुतले, ऊन केले आणि आत गेली. चंदा कपड्यांच्या पेटीवर बसली होती. सत्यशीलाने हात पुढे केला तशी ती मागे सरकली.

"हात लावू नोको, मावशी."

भैयाजींनी सत्यशीलाला काढलं, त्याचं तिला काही वाटलं नाही. बाकीच्या कंपन्यांनी 'डबा फेकणारी' म्हणून दार लावलं, त्याचंही नाही. पुढच्या मंडईला नागपूरची पोरगी उभी राहिली आणि चंदा एसटीने गोंडपिपरीला गेली, गालावर पदर धरून. चंदाचे ते चार शब्द मात्र सत्यशीलाच्या मनातून जाईनात. जिच्या तोंडासाठी भांडली त्याच तोंडाने तिला दूर केलं. आणि सफेदा भैयाजींचा असला तरी कातडं सत्यशीलाच्याच हाताने निघालं होतं.

बस. आता पुन्हा 'तू'.

मी तुझ्याकडे आले ते त्यानंतरच्या वर्षी. दात खाऊन खाऊन माझा जबडा आखडला होता, घास चावता येत नव्हता. तू कानापुढच्या सांध्यावर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "इथी आहे तुमचा राग, बाई. कोणावर आहे?" मी म्हटलं, प्राचार्यांवर. "मंग द्या शिव्या. मी बसतो तोवर." महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षं शिकवत आलेली मी, तुझ्या अंगणात उभी राहून शिव्या दिल्या. मग तुझ्या सतरंजीवर जी झोपले ती दिवे लागेपर्यंत.

त्या झोपेची तू काही किंमत घेतली नाहीस. एक काम मात्र सांगितलंस. मी परीक्षेच्या कामाने गोंडपिपरीला जाणार होते. तू मोहाच्या तेलाची बाटली दिलीस. "चंदाच्याच हाती द्या. तिच्या मायच्या नाई. अन् इचारा, आता हात लावू देशील का?"

मी गेले. दार तिच्या आईने, आशाबाईंनी उघडलं. पोरगी घरी नव्हती. दुसऱ्या कंपनीत लागली, म्हणे, हिवाळाभर फिरतीवर असते. "गालावर डाग आहे, पण सफेदा लावला का दिसत नाई," असं त्या मला समाधानाने सांगत होत्या. बाटली मागत होत्या, मी दिली नाही. पुढच्या वर्षी गेले तर चंदा सिरोंचाकडे. त्याच्या पुढच्या वर्षी आशाबाईंचं घरच बंद. मी बाटली तुला परत द्यायला आले तेव्हा तू हात मागे घेतलास. "तुमच्यापाशीच राहू द्या. भेटंल कधी."

बाटली माझ्या फडताळात आहे. हिवाळ्यात थिजते, उन्हाळ्यात पातळ होते. चंदाला विचारायचं अजून तसंच राहिलंय.