वेशीवरचा पिंपळ

दौंडहून भीमेच्या कडेकडेनं निघालं की निंबळवाडी लागते. गाव मूठभर, पण वेस बघावी तर बादशाही थाटाची! काळ्या दगडाची, वर नगारखाना, खाली हत्ती जाईल एवढी कमान. सत्त्याण्णव साली ग्रामपंचायतीनं तिच्या पायथ्याशी चार गुंठ्यांची बाग केली आणि बागेला अन् वेशीला मिळून एक राखणदार नेमला. तो चांगदेव.

माणूस कामाला वाघ, पण डोळ्यांत कायम झोप, नाहीतर स्वप्न. दुपारी बागेला पाणी देऊन झालं की तो कमानीतल्या पहारेकऱ्याच्या देवडीत पाठ टेकायचा. नदीवरनं वारं यायचं, कमानीच्या माथ्यावर उगवलेला पिंपळ सळसळायचा, आणि चांगदेवला वाटायचं, वर कुणीतरी दबक्या आवाजात बोलतंय. अर्ध्या झोपेत त्याला कमानीखालून घोडी जाताना दिसत, उंटांची रांग दिसे, चीवर सावरत नदीकडं निघालेले भिक्खू दिसत. घोडी आणि भिक्खू एकाच वक्ताला कसे, असं त्याची बायको आक्काबाई विचारी. स्वप्नाला काय कॅलेंडर लागतं का, असं म्हणून तो कूस बदली.

त्या पिंपळात त्याचा जीव होता. नोकरीच्या पहिल्याच दिवशी दगडाच्या फटीत चार पानं हलताना दिसली आणि चांगदेवनं हात जोडले. बोधिवृक्षच आपल्या पायांनी चालत आला की! तेव्हापासून रोज सकाळी जिना चढून एक बादली पाणी वर. दोन हजार तीनच्या दुष्काळात गाव टँकरवर होतं, तरी आक्काबाईची बोलणी खाऊन त्यानं आपल्या वाटणीतला तांब्या वर नेला. गावात मात्र कुणाला सांगितलं नाही. वेशीवर हक्क सांगतोय म्हणून उगाच कुणाच्या पोटात दुखायला नको.

पुढच्या उन्हाळ्यात जुन्या वास्तूंचे जाणकार असलेले एक इंजिनिअर पुण्याहून आले. त्यांनी चिरांमधून बोटं फिरवली. असल्या दुष्काळात कोरड्या दगडावर झाड इतकं पोसलंच कसं, याचं त्यांना नवल वाटलं. मुळ्या कमानीच्या मधल्या दगडापर्यंत उतरल्यात, झाड काढा, नाहीतर येत्या पावसाळ्यात वेस बसेल, असं सांगून ते गेले.

चांगदेवच्या पायाखालची जमीनच सरकली. सात वर्षं जी वेस आपण राखली, ती आपणच बादलीबादलीनं फोडली! आणि आता तिला वाचवायचं तर बोधिवृक्षावर घाव घालायचा. 'अरे देवा' म्हणायचीही बिचाऱ्याला सोय नव्हती. चार दिवस देवडीत नुसता पडून राहिला, पण डोळ्याला डोळा लागला नाही.

पाचव्या दिवशी वेशीपुढं गाव जमलं. भैरू गवंड्यानं कानांवर हात ठेवले. पिंपळावर मुंजा असतो, त्याला हात लावणाऱ्याचं वाटोळं होतं, असं त्याचं म्हणणं. मग सगळ्यांच्या नजरा चांगदेवकडं वळल्या.

"तुमच्यात मुंजा-बिंजा मानत न्हाईत," सरपंच सोपानराव म्हणाले, "तूच काढ."

मान डोलावली असती तर झाकली मूठ तशीच राहिली असती. पण चांगदेवला ते सोसलं नाही.

"काढतो, आप्पा. पण मुंजा मानत न्हाई म्हणून न्हाई. ह्यो आमचा बोधिवृक्ष हाय, आन् सात वर्सं त्याला पाणी मीच घातलंय. वेस माझ्यामुळं फुटली. नोकरी काढून घ्यायची तर घ्या."

सोपानरावांचा चेहरा लालबुंद झाला. तेवढ्यात त्यांची म्हातारी आई, वच्छलाबाई, काठी टेकत पुढं आली. लेकाकडं तिनं बघितलंही नाही.

"दर शनवारी पहाटं मीबी वर जाती, चांगदेव," ती म्हणाली. "तू यायच्या आधी. तांब्याभर पाणी घालती. दुष्काळातबी घातलं."

सोपानरावांनी खाली मान घातली. नोकरीचा विषय पुन्हा निघाला नाही.

चांगदेव वर चढला. कुऱ्हाड नेली नाही. पहार नेली नाही. बोटांनी माती उकरून एकेक मुळी सोडवू लागला, आणि रडू लागला. लपवलं नाही त्यानं. खाली म्हातारी पदर पसरून उभी राहिली. हे झाड भुईवर पडू द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. मुळ्या येऊन पदरात पडू लागल्या, पदर जड झाला, म्हातारीला एकटीला पेलवेना.

आक्काबाईनं आजवर सरपंचांच्या घराचा उंबराही ओलांडला नव्हता. ती गर्दीतून निघाली आणि तिनं त्या पदराचं दुसरं टोक धरलं.