उंबऱ्यावरच्या चपला आणि सायमनचं घुमट

संगमनेरहून पहाटे निघालेली एसटी मुलुंडच्या चेकनाक्यावर पोचली, तेव्हा मांडीवरच्या पेढ्यांचा लगदा झाला होता आणि गुडघ्याचं लाकूड. घाटकोपरहून मेट्रोने मरोळला उतरले. काचेच्या उंच इमारतींच्या मागे तिथे एक गावठाण अजून तग धरून आहे. कौलारू घरं, चौकात क्रूस, अंगणात कोंबड्या. माझी नर्सिंगच्या दिवसांतली मैत्रीण एलिझा इथेच राहते, आणि परवा तिच्या लेकीचं, रीनाचं, लग्न होतं.

"किती वाळलीस गं," एलिझा म्हणाली.

"माझ्या वाटणीचं तू खाल्लंस ना."

जेवायला बॉटल मसाल्यातली (वर्षभराचा बाटल्यांत भरून ठेवलेला घरचा मसाला) कोंबडी आणि फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे). मी नऊ फुगे हाणले. एलिझा मात्र नुसती ताटात बोटं फिरवत होती. तिचा भाऊ सायमन या गावठाणातल्या प्रत्येक लग्नात घुमट (मडक्याच्या तोंडावर चामडं ताणलेलं वाद्य) वाजवायचा. दोन वर्षांपूर्वी तो कॅथलिक चर्च सोडून एका नव्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत गेला आणि त्याने घुमट एलिझाच्या भिंतीवर टांगून ठेवलं. उद्या 'उंबराचं पाणी' होतं, म्हणजे नवरीच्या न्हाणाचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणायचं. वाजवणार कोण?

संध्याकाळी सायमन आला. "ताई, रॅप्चर कधीही होईल," तो मला समजावू लागला. प्रभू विश्वासणाऱ्यांना एका क्षणात वर उचलून घेणार, मग मागे राहिलेल्यांवर सात वर्षं महासंकट. "त्या क्षणी मी दारूच्या वासात घुमट बडवताना सापडलो तर? चर्चमध्ये येईन. विहिरीवर नाही."

एलिझा पक्की कॅथलिक. "तो एकदाच येईल रे, सगळ्यांदेखत, न्याय करायला. असा गुपचूप येऊन निवडक माणसं नेणार नाही. आणि रीनाचं पाणी काय दोनदा आणायचंय?"

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या नगरकडच्या जुन्या मिशनच्या चर्चमध्ये पाळक सांगत आले, की बायबलमधलं ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य म्हणजे हाच चालू काळ, वर्षं मोजत बसू नका. मी तेच सांगितलं, तर दोघंही माझ्यावरच उखडले.

सायमन गेल्यावर एलिझा रडली. "मामा असताना भाड्याचा बँड कशाला, म्हणून बँडपण सांगितला नाही गं मी." मला त्या माणसाचा भयंकर राग आला. मी स्वतः धाकट्या जावेशी तीन वर्षं अबोला धरलेली, पण दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ लवकर दिसतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बायका लुगडी नेसून, डोक्यावर घागरी घेऊन निघाल्या. विहिरीवर अनवाणी जायचं ही या घरची रीत. त्या गात गेल्या खऱ्या, पण चौकाच्या पुढे बांधकामाच्या मशीनने त्यांचा आवाज गिळला. गुडघ्यामुळे मी घरीच राहिले आणि मागे मोरीत भांडी विसळत बसले.

बाहेर आले तर दारात सायमन. निदान भाचीसाठी प्रार्थना करून जावं म्हणून आला होता. समोर उंबऱ्यावर तीसेक चपला ओळीने. आत पंखा चालू, टेबलावर अर्धवट प्यायलेले चहाचे कप, कढईत अर्धे तळलेले फुगे, कुणाचा तरी फोन वाजतोय. सायमनचा चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"सगळे?" त्याने विचारलं. "एलिझापण?"

"तीच तर सगळ्यांच्या पुढे."

तो मटकन खुर्चीत बसला. "मग ताई, तुम्ही कशा राहिलात?"

"गुडघ्यामुळे."

त्याने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे, मग चपलांकडे पाहिलं, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हसणं पाप होतं, तरी हसले. "अरे, विहिरीवर गेलेत. घुमट नाही, म्हणून आवाज नाही."

सायमनने तोंड ओंजळीत घेतलं. "मला वाटलं, मीच राहिलो. आणि मनात पहिलं काय आलं सांगू? कालचं भांडण मिटवायचं राहिलं."

तो उठला. भिंतीवरचं घुमट काढलं, त्या ओळीत आपले बूट ठेवले आणि अनवाणी पळाला. मी लंगडत मागे.

गल्लीच्या तोंडाशीच त्याने पहिली थाप मारली. विहिरीवर एलिझाच्या हातात दोर होता. तिने मागे वळून पाहिलं नाही, फक्त गाण्याचा आवाज चढवला आणि गाता गाताच रडू लागली. परतताना अख्खं गावठाण रस्त्यावर होतं. बांधकामावरच्या कामगारांनी मशीन थांबवून वरून वाकून पाहिलं. घुमटाच्या तालावर पाणी घरी आलं आणि मामा दारात वाजवत असताना रीना आत न्हायली. एवढं वाजतगाजत आलेलं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशी माझा गुडघाही नाचला.

लग्नानंतर सायमन मला घाटकोपरला सोडायला आला, डब्यात फुगे घेऊन.

"मत बदललं का?" मी विचारलं.

"नाही ताई. तो येणार, आणि कधीही येणार. फक्त आला तर मी विहिरीवर सापडलो तरी चालेल."

तो दिवस कुणालाच ठाऊक नाही, एवढ्यावर मात्र आम्हा तिघांचं एकमत आहे. संगमनेरला पोचले, दारात चपला काढल्या आणि पिशवीसुद्धा खाली न ठेवता जावेला फोन लावला.