बापाची साक्ष

“ही साडी बदल. पाड्यावरची वाटत नाहीस तू यात.”

धुळ्याच्या चर्चमागची खोली. बोलणाऱ्या बाई तिथल्या मंडळीचं मिशनकाम बघायच्या. माझ्या अंगावर पहिल्या पगारातून घेतलेली साडी होती. नुकतीच अंगणवाडीत लागले होते मी. आमच्या पाड्यासाठी गोळा केलेल्या जुन्या कपड्यांचं गाठोडं बाईंनी सोडलं आणि त्यातलं एक विटकं लुगडं माझ्या हातात दिलं. मी मुकाट्याने नेसले.

बाई वाईट नव्हत्या. सातपुड्याच्या पायथ्याला, आमच्या पाड्यावर, प्रार्थना त्यांच्याच मंडळीने आणली. माझी बारावीची पुस्तकं त्यांनीच दिली. म्हणून तर जीभ उचलत नव्हती.

साक्ष द्यायची होती. म्हणजे प्रभू भेटण्याआधी आम्ही कसे होतो, ते सगळ्यांसमोर सांगायचं. पहिल्यांदा मी खरं तेच सांगितलं होतं. बाईंना ते मिळमिळीत वाटलं. घरात दारू असेलच की, म्हणाल्या, तसं सांग. मी सांगितलं. बाप दारू पिऊन आईला मारायचा. लोक रडले. मग गावोगावच्या चर्चमध्ये तेच. दर वेळी माझा बाप थोडी जास्त प्यायला लागला.

माझा बाप मोहाची फुलं वेचायचा, पण दारूचा थेंब त्याने कधी तोंडाला लावला नाही. माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन तो आश्रमशाळेपर्यंत चालत आला होता. मी नववीत असताना तापाने गेला.

ते लुगडं नेसले त्या रविवारी धुळ्याला आई पहिल्यांदाच माझ्यासोबत आली होती. शेवटच्या रांगेत बसली होती. मला वाटलं, तिला शहरातलं बोलणं कुठे कळतंय. साक्ष देऊन खाली उतरले, बाईंनी पाठ थोपटली. आई माझ्याकडे बघत नव्हती.

परतीच्या एसटीत सोनगीर आलं. तेव्हा आई म्हणाली, “तू तुना बापले दारुड्या म्हणनी. जवाब देवाले तो आते शे का?”

उत्तर द्यायला बाप आता नव्हताच. लाजेने माझी मान वर होईना. लुगडं बाईंनी दिलं होतं, पण ते शब्द माझ्या तोंडून गेले होते. खोटी साक्ष देऊ नको, हे मीच दर रविवारी पाड्यावरच्या पोरांकडून पाठ करून घ्यायचे.

पुढच्या महिन्यात अमळनेरला सभा होती. बाईंनी तेच लुगडं पुढे केलं. मी हात पुढे केला नाही.

“अगं, प्रभूच्या कामासाठीच ना?”

मी माझ्या साडीतच सभेपुढे उभी राहिले. म्हणाले, “माझा बाप दारू पीत नव्हता. मी आजवर खोटं बोलले.”

या वेळी कुणी रडलं नाही. पुढच्या रांगेतल्या एकाने घड्याळ पाहिलं. बाईंनी त्यानंतर मला बोलावलं नाही.

प्रभूला मी सोडलेलं नाही. पाड्यावरची प्रार्थना मीच घेते. पण जिथे जिथे बापाला दारुड्या केलं, तिथे तिथे जाऊन उभी राहणार आहे, कुणी बोलवो न बोलवो. धुळं अजून बाकी आहे. तिथे आईला पहिल्या रांगेत बसवणार.