बिनकडीचं दार

आमचे मामा खाकरले की बेला गावच्या थांब्यावर आदिलाबादची बस सुटता सुटता थांबायची. खोटं वाटत असेल तर ड्रायव्हरला विचारा. तो आता हयात नाही, हा माझा दोष नव्हे. अंगणातल्या कोंबड्या तर त्या खाकरीनं अवेळी अंडी घालत.

ही खाकर उगाच नव्हती. परसातल्या त्यांच्या संडासाला कडीच नव्हती. "कडी कायले पायजे? मानसाले गळा देला हाये ना!" असं ते म्हणत. जाणाऱ्यानं दाराबाहेर खाकरायचं. आतून उत्तर आलं तर मुकाट माघारी फिरायचं. हा त्या घरचा कायदा. जावयांनीसुद्धा तो कधी मोडला नाही.

मामीचे गुडघे गेले. खालच्या भांड्यावरून उठताना ती रडायला लागली, तेव्हा मामांनी ते काढून कमोड बसवायचं ठरवलं. मला घेऊन आदिलाबादच्या दुकानात गेले. थंडीचे दिवस, आणि आमच्याकडच्या थंडीत म्हशीच्या सडातून थेट कुल्फी निघते! मामा रस्त्याकडे तोंड करून एकेका कमोडवर बसत सुटले. दुकानदार तेलुगू-हिंदीची खिचडी करत ओरडला, "एमंडी सारू, ये क्या कर रहे?"

"सोयरीक जुळवून राह्यलो," मामा म्हणाले. मग मला हळूच, "लय थंडे हायेत रे सारे. तुह्या मामीच्या हाडाले सोसन का?"

शेवटी त्यातल्या त्यात कमी गार असलेलं निवडलं, आणि बैलगाडीत, कापसात गुंडाळून, नवरीसारखं घरी आणलं.

गवंड्यानं जुनं फोडून काढलं, नवं बसवलं. सिमेंट वाळेपर्यंत थांबायचं होतं. "पयला मान तुहा," मामा मामीला म्हणाले. सिमेंट वाळायच्या आधीच मामा गेले. सकाळचा चहा पिता पिता.

दिवसकार्य झाल्यावर मामी काठी टेकत दाराशी गेली, सवयीनं खाकरली.

आतून उत्तर आलं.

मी हसलो. स्वतः जाऊन खाकरलो. आतून मामांचीच खाकर, शेवटचा तोच हेलकावा. भर उन्हात माझ्या अंगावरचे केस उभे राहिले, त्यातले काही अजून बसलेले नाहीत. दार ढकलायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. कायदा होता ना! सगळं घर शेजाऱ्यांकडे जाऊ लागलं. तिथल्या खालच्या भांड्यावरून एकदा मामीला उठताच येईना. दोन बायांनी बगलेत हात घालून तिला बाहेर आणलं. ती कुणाकडे बघेना.

तशीच ती थेट आपल्या परसात आली. खाकरली. उत्तर आलं. या वेळी ती माघारी फिरली नाही.

"आवो," ती म्हणाली, "पयला मान माहा, असं म्हनलं होतं ना तुमी? उठा आता. मी उबी हावो इथं."

आत काही वाजलं नाही. झाडाचं पानही हलत नव्हतं, तरी ते दार सावकाश उघडलं; कुणी अंग चोरून निघावं, तेवढंच. मामीनं पदर सावरला, बाजूला सरकून वाट दिली, आणि मग आत गेली.

बाहेर आली तेव्हा आम्ही सगळे परसात दगडासारखे उभे. "मामी, काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई रे," ती म्हणाली. "गरम करून ठेवलं होतं त्यायनं."