गंज पुसलेली चेनकुप्पी

वैजयंती पहाटे साडेचारला उठायची. लहानपणी उठायची ती बापामुळे. गोपीनाथ भोपाळच्या कारखान्यात अवजड माल उचलणाऱ्या टोळीत होता. पहिल्या पाळीला बरखेड्याच्या क्वार्टरमधून सायकलवर निघायचा, आणि पोरगी अंथरुणात लोळलेली त्याला खपत नसे. चाळिशीला आली, गॅलरीची संचालक झाली, तरी तिची ती वेळ सुटली नाही. फरक इतकाच, की आता बाप निवृत्त होता. अवधपुरीच्या घरात तो चहा करून द्यायचा आणि ती पायीच गॅलरीकडे निघायची.

ती कुठे जाते हे गोपीनाथला ठाऊक होतं. कशाला जाते, ते काही केल्या कळत नव्हतं.

बारावीनंतर ती बडोद्याला कला शिकायला गेली, तेव्हा त्याला वाटलं, पोरगी चित्रं काढणार. तिनं काढली नाहीत. दिल्लीच्या एका गॅलरीत नोकरीला लागली. तिथं दुसऱ्यांची चित्रं पेट्यांत भरायची, उतरवून घ्यायची, कुठे ओरखडा आहे ते टिपून ठेवायची. खांदे भरून यायचे, पण सोडलं नाही. हळूहळू कोणतं चित्र कुठे लावायचं ते तिला विचारू लागले. मग गोविंदपुऱ्यातली एक बंद शेड घेऊन मालकानं तिथं गॅलरी काढली आणि तिला भोपाळला बोलावलं.

शंकर जुना जोडीदार, क्रेन चालवायचा. जवाहर चौकात भाजी घेताना त्यानं विचारलं, "गोपी, बिटिया करते काय रे नक्की?"

"क्युरेटर आहे."

"मतलब?"

"चित्रं लावते."

"खिळे ठोकते?"

"खिळे माणसं ठोकतात. ही सांगते कुठे ते."

"मग सुपरवायझर म्हण ना सीधा!"

गोपीनाथला ते पटलं, पण संध्याकाळपर्यंतच. संध्याकाळी गॅलरीत त्यानं स्वतः पाहिलं. दोन माणसांकडून तिनं एक जड चित्र चार बोटं डावीकडे सरकवून घेतलं, मागं जाऊन बघितलं, आणि पुन्हा होतं तिथं आणलं.

"तिथंच आणायचं होतं तर हलवलं कशाला?"

"हलवल्याशिवाय कळलं नसतं, बाबा."

त्याच्या धंद्यात उचललेला माल परत जागेवर आला, तर पाळी वाया गेली म्हणत.

दसऱ्याच्या सुमाराला तिचं इथलं पहिलं मोठं प्रदर्शन ठरलं. विषय कारखान्याची वसाहत. मालकानं सांगून टाकलं होतं, हे जमलं नाही तर शेड गोदामाला देऊ. नागपूरचा अच्युत नावाचा कलाकार एक चेनकुप्पी घेऊन आला. हातानं साखळी ओढून ओझं उचलायची कप्पी ती. कुठल्याशा बंद वर्कशॉपमधली, गंजलेली, काळी. ती छताला टांगायला वैजयंतीनं बापालाच बोलावलं.

"यानं उचलायचं काय?" वर चढून त्यानं विचारलं.

"काही नाही. आहे तशी टांगा."

गोपीनाथनं मान हलवली. मनात म्हणाला, माल नंतर येणार असेल. त्यानं छताचा आकडा तपासला, साखळीला लोंबकळून वजन पाहिलं, काम चोख केलं.

दोन दिवसांनी खंडेनवमी आली. कारखान्यात सगळे विश्वकर्मा पूजा करायचे, पण गोपीनाथच्या टोळीतली मराठी माणसं खंडेनवमीलाही हत्यार पुसल्याशिवाय घरी जात नसत. घरात त्यानं पाने, हातोडी, बायकोचा विळा पुजला. मग चेनकुप्पीची आठवण झाली. आपल्या हातानं टांगलेली, आणि अशी पारोशी. वैजयंती पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेली होती. चौकीदार ओळखीचा. गोपीनाथनं रॉकेल आणि चिंध्या घेतल्या, शिडी लावली, कडी न् कडी घासली. ग्रीस भरलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली.

वैजयंती आणि अच्युत आत आले तेव्हा तो घाम पुसत होता.

"काका," अच्युतचा आवाज फाटला, "गंज कुठाय?"

"काढला सगळा. दुपार गेली. आता लोण्यासारखी चालते, बघा ओढून."

अच्युत खाली जमिनीवर बसला. "साखळीवर हातांचे ठसे होते काका. ग्रीसचे. शेवटच्या पाळीच्या माणसांचे. तेच आणलं होतं मी. बाकी तर लोखंड आहे."

गोपीनाथ चिंधीकडे बघत राहिला. त्या काळ्या थरात माणसांचे हात होते हे त्याला कळलं, आणि ते आता रॉकेलच्या डब्यात होते हेही. पण मळ जपायचा असतो, हे कुणी कधी शिकवलं नव्हतं.

"माझे हात लावतो परत," तो म्हणाला. "मीही त्याच कामातला."

"नाही हो काका."

मालकाचा फोन आला. ऐकून तो हसला. माळ छान दिसेल, असंच ठेवा, लोकांना आवडेल.

"नाही सर," वैजयंती म्हणाली. "हे अच्युतचं काम राहिलेलं नाही. त्याचं नाव लावून दाखवता येणार नाही." तिनं चेनकुप्पी उतरवायला सांगितली. मग अच्युतकडे वळली. "माझ्या ताब्यात असताना गेलंय. भरपाई माझी. गॅलरीची नव्हे."

"वैजू, चूक माझी," गोपीनाथ म्हणाला.

"आकड्याला लागलेला माल जमिनीला टेकेपर्यंत कुणाचा, बाबा?"

ते त्याचंच वाक्य होतं, टोळीत नव्या माणसाला विचारायचा ते, आणि उत्तरही तोच द्यायचा: उचलणाऱ्याचा. पहिल्यांदा त्याला वाटलं, पोरीचं काम कळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोंधळला, कारण प्रदर्शनात छताचा तो आकडा तिनं रिकामाच ठेवला आणि माणसं येऊन त्याकडेही मान वर करून बघत होती. पुष्कळ माणसं आली. शेड गोदामाला गेली नाही.

वैजयंतीनं गाडीसाठी पगारातून पैसे साठवले होते. पहाटेची पायपीट संपणार होती. ते सगळे अच्युतला गेले. भंगारात वजनावर मिळाली असती अशी चेनकुप्पी तिनं कलाकृतीच्या भावानं विकत घेतली. ती आता अवधपुरीच्या घराच्या पोर्चमध्ये टांगलेली आहे. दर खंडेनवमीला गोपीनाथ चिंधी घेऊन तिच्याखाली उभा राहतो.

"वैजू, हिला पुसू का?"

"आता ती आपली आहे, बाबा. तुम्हीच ठरवा."

त्याचं अजून ठरलेलं नाही.