इंदूचं पुढं काय झालं

घरात तान्हं मूल असलं की दोन गोष्टी न सांगता साठत जातात. धुवायचे लंगोट आणि सांगायचे किस्से. लंगोटांचं काहीतरी करावंच लागतं. किस्से मात्र कोपऱ्यात पडून राहतात, आणि कुणी मैत्रीण जरा निवांत बसली की एकात एक अडकून सगळे बाहेर येतात. आज तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

हैदराबादेत, बरकतपुऱ्यात आमच्या घरी आम्हा तिघींचं दुपारचं वाचन चालायचं. मी, कुसुम आणि मालती. तिघींच्या घरात मराठी, पण शाळा तीन तऱ्हांच्या. मी मराठी-इंग्रजीतून बी.ए. झालेली. कुसुम नांदेडकडची, तिचं सगळं शिक्षण उर्दूतून. मराठी अक्षर तिला ओळखीच्या माणसासारखं दिसायचं, पण नाव काही आठवायचं नाही. मालती वरंगळला वाढली, ती तेलुगू झरझर वाचायची. म्हणून मी वाचायचे आणि त्या ऐकायच्या.

नियम एकच. पुढचं पान कुणी एकटीनं उघडायचं नाही. नियम अर्थात माझ्यासाठीच होता. दुसरं कुणी उघडून करणार काय?

* * *

पुस्तक आणलं मी गौलीगुड्याच्या बाजूच्या एका वाचनालयातून. माझी चिमी तेव्हा नुकती बसायला लागली होती. तिला कडेवर घेऊन गेले तर टेबलामागचे म्हातारे गृहस्थ म्हणाले, "लहान मुलांना आत नेता येत नाही, बाई."

"मग बाहेर कुणाकडं ठेवू?"

"ते मी कसं सांगणार? आमच्या वेळी बायका मुलं मोठी झाल्यावर वाचायच्या."

मला अशा वेळी शांत राहता येत नाही. मी चिमीला उचललं, त्यांच्या टेबलावर शाईच्या दौतीशेजारी बसवलं, म्हटलं, "धरा," आणि आत गेले.

आत गेल्यावर मला हळूहळू घाई विसरायला झाली. लग्नानंतर इतकी पुस्तकं एका जागी पाहिलीच नव्हती. छतापर्यंत कपाटं, आणि जुन्या कागदांच्या वासानं मला कॉलेजातल्यासारखं हलकं वाटायला लागलं. शेवटी सगळ्यात जाड कादंबरी काढली आणि बाहेर आले.

गृहस्थांच्या एका हातात चिमी, दुसऱ्या हातात लेखणी. चिमीच्या तोंडात त्यांचा रबरी शिक्का, आणि ओठ जांभळे.

"मुदत किती?" मी विचारलं.

"पोरगी न्या. पुस्तक ठेवा हवं तितके दिवस."

* * *

कादंबरीचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की कुणीतरी शेवट सांगून टाकतं. गोष्ट एवढीच की इंदूचा नवरा जहाजावर गेला, त्याचा पत्ता नाही, आणि गावातले एक मास्तर तिला लग्नाचं विचारतात. इंदू हो म्हणते का वाट पाहते, यावर चारशे पानं.

कुसुम नवऱ्याच्या बाजूची. मालती मास्तरांच्या बाजूची. दोघी ऐकताना तांदूळ निवडायच्या आणि भांडायच्या.

मालतीचं मला फार नवल वाटायचं. मांडीवर एक पोर पीत असायचं, दुसऱ्याच्या पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, हातात सूप, आणि कान इंदूकडे. एकही काम थांबायचं नाही. गोष्टीत काही वाईट घडलं की तिच्या डोळ्यांतून धार लागायची, पण अंगठा चालूच. फक्त वेग वाढायचा. एकदा इंदू तापानं फणफणली तेव्हा पाळणा इतका जोरात गेला की आतलं पोर जागं होऊन खदखदून हसायला लागलं.

"ह्याला काळीज नाही," मालती डोळे पुसत म्हणाली. "बापावर गेलाय."

* * *

मग छप्पन साली हैदराबाद राज्याच्या वाटणीचं सुरू झालं. मराठी मुलूख तिकडे मुंबई राज्यात जाणार, तेलुगू मुलूख इकडे राहणार. घरोघरी वडीलधारी मंडळी ओसरीवर बसून कोण जाणार आणि कोण राहणार याचा निवाडा करत होती, आणि ज्यांना भांडी बांधायची होती त्या बायकांना कुणी विचारत नव्हतं. आमचे हे खासगी कंपनीत, त्यामुळे आम्ही जागचे हलणार नव्हतो. कुसुमचे यजमान सरकारी नोकरीत होते.

एके दुपारी कुसुम आली, सूप घेऊन बसली, आणि इंदूच्या नवऱ्याच्या बाजूनं काही भांडलीच नाही. वाचन संपल्यावर म्हणाली, "अजून किती उरलंय गं?"

"निम्म्याच्या आसपास. का?"

"आम्हाला औरंगाबाद मिळालं."

मालतीचा अंगठा थांबला. पहिल्यांदाच.

कुसुमच पुढं म्हणाली, "राज्य जायचं तिकडं जाऊ दे. पण इंदूचं काय होतं ते कळल्याशिवाय मी काही गाडीत बसायची नाही. तिकडं मला कोण वाचून दाखवणार? तू वाच बाई भराभर."

त्या दिवसापासून आमच्या घरात घड्याळाला किंमत आली.

* * *

आणि नेमका कुसुमच्या पोराला गोवर आला. आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, दारात आडव्या आल्या. "त्या घरी पाऊल टाकायचं नाही, अन् तिनं इकडं यायचं नाही."

मी म्हटलं, "घरात नाही जात." आणि पुस्तक घेऊन कुसुमच्या अंगणाच्या भिंतीबाहेर स्टूल टाकून बसले. आत कुसुम पोराला मांडीवर घेऊन बसलेली, बाहेर मी ओरडून वाचतेय. रस्त्यावरून जाणारे लोक थबकून बघायचे. एक भाजीवाली तर टोपली उतरवून बसली. तिला मराठी येत नव्हतं, पण रडण्याच्या जागी ती बरोबर चुकचुकायची.

दोन-तीन दिवसांनी शेजारच्या घराचा पडदा हलला. जैनबखाला. सत्तरीच्या, कधी बाहेर न येणाऱ्या.

"बेटी, कल की बात बोलो. वो मास्टर घर कू आया क्या नै?"

मी चकित झाले. "खाला, तुम्हाला मराठी कळतं?"

"सारी उमर तुम लोगां के बाजू में कटी. समझेगा नै क्या?" मग आवाज खाली करून त्या म्हणाल्या, "देखो, दर्या में गया सो मरद नक्को. मास्टर अच्छा है. तुम लिखने वाले कू बोल दो."

भिंतीच्या आतून कुसुम ओरडली, "खाला, आप चुप रहो!"

* * *

गोवर बरा झाला, पण दिवस गेले ते गेले. मी आता मधले समुद्राच्या वर्णनाचे परिच्छेद गाळायला लागले. लाटा काय, सगळ्या सारख्याच.

आता मामंजींबद्दल सांगायला हवं. आमचे सासरे निजामाच्या काळात तहसिलीत पेशकार, म्हणजे कचेरीतले कारकून, होते. शिक्षण उर्दूतून, कागदपत्रं उर्दूतून, वर्तमानपत्रही उर्दू. मराठी घरात बोलायला, बाकी नाही. परभणीहून चुलत्यांचं पत्र आलं तरी माझ्याकडे द्यायचे, "वाच, काय म्हणतो." दुपारी आमचं वाचन चालायचं तेव्हा ते त्याच खोलीत आरामखुर्चीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलेले असत. आम्हाला वाटायचं, नापसंतीनं. एकदा मी म्हटलंही होतं, "मामंजी, आवाजाचा त्रास होत असेल तर ओसरीवर बसा." ते हलले नाहीत. म्हातारी माणसं मुद्दाम हलत नाहीत, असं माझं मत होतं.

त्या दिवशी मी चांगली तीन पानं गाळली आणि पुढं वाचायला लागले. वर्तमानपत्रामागून आवाज आला.

"सूनबाई, मधे काही सुटलं."

"नाही, मामंजी."

"आत्ता तर काळोख होता. बाई कंदील घेऊन किनाऱ्यावर गेली होती. मग एकदम उन्हात धुणं कसं वाळत घालतेय?"

कुसुम आणि मालतीनं माझ्याकडे पाहिलं. त्या दोघींना मी कधीच फसवलं नव्हतं, असं त्यांना वाटत होतं. मी मुकाट्यानं तीन पानं मागं गेले.

समुद्र वाचला. आणि खरं सांगते, त्या तीन पानांत लाटा सारख्या नव्हत्या.

* * *

कुसुम निघायच्या आदल्या दिवशी परभणीहून पाहुणे आले. एकदम सात जण, कोर्टाच्या कामाला, न कळवता. दुपारभर भाकरी थापायच्या. मी स्वयंपाकघरात परातीशी बसले आणि मला रडूच आलं. शेवटची दोन प्रकरणं उरली होती.

आत्याबाई आल्या. ह्याच आत्याबाई वर्षभर म्हणत होत्या की पुस्तक वाचलं की अंगावरचं दूध आटतं. त्यावर "कुठल्या डॉक्टरनं सांगितलं?" असं मी म्हटल्यापासून आमचं बोलणं जेवणापुरतंच होतं.

"ऊठ तिथनं," त्या म्हणाल्या.

"सात जण आहेत, आत्याबाई."

"मला मोजता येतं. ऊठ. त्या पोरीला बोलाव अन् इथंच दारात बसून वाच." त्यांनी पीठ पुढं ओढलं. "मोठ्यानं वाच. तव्याचा आवाज होतो."

त्या दुपारी त्यांनी एकटीनं सगळ्या भाकरी केल्या. धुरात डोळे लाल झालेले. मास्तर इंदूच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा मात्र तव्यावरची भाकरी करपली. त्यांच्या हातून करपलेली मी पाहिलेली तेवढीच.

तरी एक प्रकरण राहिलंच. पाहुणे चहा मागायला लागले.

* * *

दुसऱ्या दिवशी काचीगुड्याच्या स्टेशनावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. ट्रंका, पाटे-वरवंटे, गुंडाळलेल्या गाद्या, रडणाऱ्या म्हाताऱ्या. अर्धं मराठी हैदराबाद गाडीत बसायला आलं होतं. कुसुम खिडकीशी बसली. मी प्लॅटफॉर्मवरून चिमीला कडेवर घेऊन वाचायला लागले. मालती पान उलटायला शेजारी उभी होती. मामंजी आणि आमचे हे कुसुमचं सामान डब्यात लावत होते.

मी इतक्या वेगानं आयुष्यात कधी वाचलं नव्हतं. तरी शिट्टी झाली. इंदूनं दार उघडलं होतं, मास्तर तिच्या उत्तराची वाट पाहत होते, आणि आठ-दहा पानं उरली होती.

मी पुस्तक खिडकीतून आत दिलं. "घेऊन जा, कुसुम."

तिनं ते मांडीवर ठेवलं. "मी काय करू याचं? यांनाही उर्दूच येतं."

"औरंगाबादेत कुणीतरी वाचून दाखवील," तिचे यजमान म्हणाले.

"कुणीतरी कशाला?" कुसुम म्हणाली, आणि इतके दिवस न रडलेली ती बाई तोंड झाकून रडायला लागली.

आमचे हे खाली उतरले. मामंजी ट्रंक बाकाखाली सरकवत अजून आतच होते. गाडीनं गचका दिला.

"मामंजी, उतरा, गाडी सुटली," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुसुमच्या मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं. मग कोटाची टोकं सावरली आणि ट्रंकेशेजारी खाली बसले.

"बाबा!" आमचे हे गाडीबरोबर धावले.

"घरी सांग, येतो," आतून आवाज आला. खिडकी पुढं गेली.

घरी आत्याबाई म्हणाल्या, "यांना कुठं सांडून आलात?" आम्हाला वाटलं, सिकंदराबादला उतरून परत येतील. आले नाहीत. रात्रीही आले नाहीत. आत्याबाई जेवल्या नाहीत. मला कधी आत्याबाईंची इतकी काळजी वाटेल असं वाटलं नव्हतं, आणि त्याचाही मला राग येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामंजी दारात उभे. टोपीवर कोळशाची काजळी, काखेत पुस्तक.

"कुठपर्यंत गेला होतात?" आत्याबाईंनी विचारलं.

"निजामाबाद."

"कशाला?"

"गाडी हलत होती. अक्षर नीट लागत नव्हतं, वेळ लागला."

त्यांनी हातपाय धुतले. जेवले. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि राहवेना म्हणून विचारलं, "मामंजी, इंदूनं काय सांगितलं मास्तरांना?"

"असं सांगून टाकतात होय?" ते म्हणाले. "मालतीला बोलाव. मग बसा."

मालती धावत आली, एक पोर काखेत, एक हाताला. मामंजींनी चष्मा पुसला. जिथं प्लॅटफॉर्मवर मी थांबले होते ते पान त्यांनी शोधलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागले. सावकाश, पण एकही जोडाक्षर न अडखळता. मास्तर बोलले की आवाज खाली, इंदू बोलली की त्याहून खाली.

मागं काहीतरी हललं म्हणून मी वळून पाहिलं. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हात पिठाचे, तोंड अर्धवट उघडं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी कधी आपल्या नवऱ्याकडे असं पाहिलं असेल असं मला वाटत नाही. त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"यांना मराठी वाचता येतं?" त्यांनी मला विचारलं.