बटाटेरावांचं ताट

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या वाट्याला लिफ्ट फारशी येत नाही. ती बंद पडली की मगच त्याला बोलावणं येतं, आणि तिचं यंत्र असतं थेट गच्चीखालच्या खोलीत. मग हत्यारांची पिशवी खांद्याला लावायची आणि जिना चढायचा. बटाटेराव आयुष्यभर असे जिने चढत आले होते. पण त्या दिवशी एका उंच इमारतीत कोणी बाई लिफ्टमध्ये अडकल्याचा फोन आला आणि अर्ध्या वाटेतच त्यांच्या नाकी नऊ आले.

बटाटेराव हे नाव कंपनीतल्या जोडीदारानं ठेवलेलं. डब्यात रोज बटाटा. कधी उकडलेला, कधी तळलेला, कधी अंड्याबरोबर, कधी पावाबरोबर, पण बटाटाच. ताटात हिरवं पान दिसलं की त्यांची दातखीळ बसायची. घसा ओला करायला नारिंगी रंगाचं, फसफसणारं, बाटलीतलं गोड पेय. काम किचकट निघालं तर दुसरी बाटली, जास्तच किचकट निघालं तर तिसरी. साधं पाणी ते औषधाच्या गोळीपुरतं प्यायचे, आणि गोळ्याही टाळायचे.

कसेबसे ते यंत्राच्या खोलीत पोचले आणि भिंतीला टेकले. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तरी लिफ्टला जोडलेल्या फोनवरून त्यांनी आतल्या बाईंना धीर दिला, "काकू, घाबरू नका. मी आलोय."

"मी कशाला घाबरू?" पलीकडून आवाज आला. "तुमच्याच छातीचा भाता मला इथं ऐकू येतोय. आधी जरा बसा. मला काही घाई नाही."

ते बसले. दम परतल्यावर त्यांनी वीज बंद केली, ब्रेक सैल करून चाक हातानं हळूहळू फिरवलं, लिफ्टची पेटी मजल्याला लागली तशी खाली येऊन किल्लीनं दार उघडलं. आत भाजीची पिशवी पायाशी ठेवून एक ठेंगण्या काकू उभ्या होत्या. आधी एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायच्या, आता निवृत्त झालेल्या. त्यांनी सुटकेचे आभार नंतर मानले. आधी स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली.

बटाटेरावांनी ती तोंडाला लावली आणि अर्धी रिकामी केली, तेव्हा कुठे आत काहीतरी तरंगताना दिसलं.

"हे काय आहे?"

"काकडी, पुदिना आणि लिंबाच्या दोन चकत्या. का हो? चेहरा असा का केलात? विष नाही घातलं!"

काकडी! जन्मात त्यांनी काकडीला तोंड लावलं नव्हतं. पण पाणी तर गार, हलकं, चांगलं लागलं होतं. ते मुकाट्यानं पायरीवर टेकले. आणि कोण जाणे कसं, सख्ख्या बायकोला कधी न सांगितलेलं ते त्या परक्या बाईंना सांगून बसले. लहानपणी काही काळ ते काकांकडे राहायला होते. काका शिस्तीचे. ताटातली शिजवून गिचका झालेली पालेभाजी संपेपर्यंत उठायचं नाही. ती निवायची, तिला पाणी सुटायचं, ते रडायचे, आणि घास घशाखाली गेला की उलटून यायचा. तेव्हापासून भाजी दिसली की ते ताटच दूर सारायचे.

काकूंनी ऐकून घेतलं. "मग तुम्हाला चव नको वाटते की तो मऊ लिबलिबीतपणा?"

हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"लिबलिबीतपणा," ते म्हणाले.

"मग कुरकुरीत खा की! भाज्या काय सगळ्या गिचकाच असतात?"

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. जिन्यातली चक्कर, काकू, आणि काकांकडचं ते ताटही. बायको रोज दोन स्वयंपाक करायची, एक यांचा, एक घरादाराचा. तिनं हातातली पळी ओट्यावर ठेवली.

"इतकी वर्षं मला वाटत होतं," ती म्हणाली, "की माझ्याच हाताला चव नाही."

"छे गं! तुझ्या हाताचा काय संबंध?"

"ते आज कळतंय ना मला! आधी बोलला असतात तर?" तिनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच हुकूम सोडला, "उद्या आधी डॉक्टरकडे."

डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला, रक्त तपासलं. निकालाची वाट बघताना दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं. हृदय ठीक निघालं, तसा बायकोचा जीव भांड्यात पडला. पण साखर उंबरठ्यावर येऊन उभी होती. "गोड बाटल्या बंद," डॉक्टर म्हणाल्या, "आणि ताटात बटाट्याखेरीज काहीतरी दिसू दे."

मग घरात प्रयोग सुरू झाले. नियम बायकोनं केले: रोज एक नवा घास, कच्चा नाहीतर खरपूस भाजलेला, नको वाटला तर सरळ बाजूला काढायचा, आणि त्या वेळी कोणी तोंडाकडे बघत बसायचं नाही. नवलकोल सोलून, कापून चावला तर सफरचंदासारखा वाजला, आणि बटाटेरावांनी आपण होऊन दुसरी फोड उचलली. ब्रोकोलीचे तुरे तव्यावर कडा करपेपर्यंत भाजले तर चक्क आवडले. लाल कोबीनं निराश केलं नाही. झुकिनीनं मात्र घात केला. दिसायला काकडीची बहीण, पण तव्यावर पडताच तिनं अंग टाकलं. बटाटेरावांनी घास बाजूला काढला, कोणी काही बोललं नाही. त्या न बोलण्याचंच त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी पानात उरलेला कोबी संपवला.

पाण्याच्या बाबतीत ते जरा वाहवत गेले. एकदा आख्खं संत्रं सालीसकट चिरून बाटलीत कोंबलं आणि दिवसभर उन्हात फिरवलं. संध्याकाळी जोडीदारानं हक्कानं घोट घेतला आणि तोंड असं वाकडं केलं, की बघणाऱ्याला वाटावं याची दाढच उपटली. "बटाटेराव, हे पाणी आहे की काढा?" त्यानंतर ते साल काढून फोडी टाकायला शिकले. कधी संत्रं, कधी सफरचंद आणि आलं, कधी नुसता पुदिना. नारिंगी बाटलीची आठवण आधी रोज यायची, मग अधूनमधून.

हे सगळं चाललं होतं, पण एक गोष्ट ते टाळतच होते. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि होणाऱ्या व्याह्यांनी जेवायला बोलावलं होतं. एकदा बटाटेरावांनी कामाचं निमित्त सांगितलं, एकदा दाढदुखीचं. परक्याच्या घरी, सगळ्यांदेखत, ताटात काय येईल कोणी सांगावं?

तिसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा मुलगी समोर येऊन बसली. आवाज रडवेला झालेला.

"बाबा, खरं सांगा. तुम्हाला तो मुलगा पसंत नाही का?"

बटाटेराव हादरलेच. "अगं, हे कोणी सांगितलं तुला?"

"कोणी सांगायला कशाला हवं? त्याच्या आईलाही तसंच वाटतंय."

ते बायको-मुलीला घेऊन व्याह्यांकडे गेले. दाराजवळची खुर्ची धरून बसले. जेवणाचं टेबल भरलेलं होतं, आणि विहीणबाईंनी मोठ्या कौतुकानं पहिला डाव त्यांच्याच ताटात वाढला: मऊ शिजवलेली, रसात बुडालेली पालेभाजी. मुलगी ताटाकडे बघत राहिली. उठून जावं, पोट बिघडलंय म्हणावं, असं बटाटेरावांच्या दोनदा मनात येऊन गेलं.

"ताई," ते म्हणाले, "राग मानू नका. ही भाजी मला खाता येत नाही. तुमच्या हाताचा दोष नाही, माझं लहानपणापासूनचं दुखणं आहे. पण ती गाजरं आणि त्या भाजलेल्या शेंगा तेवढ्या द्या, आवडीनं खाईन. आणि... आधी दोनदा आलो नाही ते याच भीतीनं. मुलगा मला पहिल्या दिवसापासून पसंत आहे."

विहीणबाई हातातल्या डावासकट मटकन खुर्चीत बसल्या.

"अहो, भाजीपायी? आम्ही इथं काय काय मनात घेऊन बसलो होतो! यांना तर वाटलं, आमचं घर तुम्हाला लहान वाटलं."

"मी तसं म्हणालो नव्हतो," व्याही घाईघाईनं म्हणाले.

"रोज म्हणत होतात!"

सगळे हसले. मुलीनं हात पुढे करून वडिलांच्या ताटातली भाजी स्वतःच्या ताटात घेतली, व्याह्यांनी शेंगांचं भांडंच उचलून त्यांच्यापुढे ठेवलं. बटाटेराव जेवले, मागून घेऊन जेवले. व्याह्यांनी लग्नाचा विषय काढला. किती माणसं, कुठलं सभागृह, कोणाच्या आत्याला कुठे उतरवायचं. बोलता बोलता टेबल आवरून झालं, कॉफी झाली, तरी कोणी उठेना.

"निघायचं ना?" बायकोनं हळूच विचारलं.

"बस गं थोडा वेळ," बटाटेराव म्हणाले आणि खुर्ची व्याह्यांच्या आणखी जवळ ओढून बसले.